वर्डस्टार, डॉट मॅट्रिक्स आणि काकांना हवी असलेली 'पुस्तकासारखी' प्रिंट

आधीच सांगून टाकतो, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ह्या वर्ड प्रोसेसरच्या जुन्या फायलींतला नुसता मजकूर हवा असेल तर पुढचं काही करू नका. कन्व्हर्टर लावा, वर्डमध्ये घ्या, लेझरवर प्रिंट मारा, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल. हे लिहितोय ते ज्यांना वर्डस्टारमध्येच काम करून वर्डस्टारमधूनच नीट प्रपोर्शनल अक्षरांत छापायचंय त्यांच्यासाठी. अशी माणसं किती असतील माहीत नाही, पण आमच्या घरात एक निघालं म्हणजे अजून कुठेतरी असणारच.

आमचे काका सरकारी खात्यात इंग्लिश स्टेनो होते. नोकरीत असतानाच, १९९१ ते ९४ च्या दरम्यान, ओळखीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी बसून त्यांनी आपल्या बदल्यांच्या गावांच्या आठवणी इंग्रजीत टाइप केल्या होत्या, वर्डस्टार ४ मध्ये. चुलतभावानं मागे कधीतरी त्या फ्लॉप्या सीडीवर घेऊन ठेवल्या म्हणून वाचल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये काकांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि त्याला ह्या आठवणी छापून नातेवाइकांना द्यायच्या असं निघालं. मी म्हटलं काका, मी वर्डमध्ये करून देतो. तर म्हणाले, "अरे मला तुमचं वर्ड नको, माझ्या अजून दुरुस्त्या चालू आहेत, तू मला वर्डस्टारच चालू करून दे. आणि हे बघ, टाइपरायटरसारखी प्रिंट नको हं, पुस्तकासारखी पाहिजे." एवढं बोलून ते चहा प्यायला गेले.

पुस्तकासारखी म्हणजे प्रपोर्शनल. टाइपरायटरवर काय असतं की इंग्रजी आय असो की डब्ल्यू, दोघांना जागा तेवढीच, त्यामुळे आयच्या दोन्ही बाजूला मोकळं मैदान आणि डब्ल्यू आपला अंग चोरून बसलेला. छापील पुस्तकात प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळते. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीनं वर्डस्टार आणलं (सीमोर रुबिनस्टाइनची कंपनी, आणि प्रोग्राम लिहिला रॉब बार्नबीनं) तेव्हा चांगली प्रिंट म्हणजे डेझी व्हील प्रिंटर, पाकळ्यांच्या चाकावर अक्षरं असलेला. त्या घराण्यातला पुढं नावाजलेला डायब्लो ६३०, त्याचं डोकं आडवं इंचाच्या १२०व्या भागानं सरकायचं आणि कागद उभा ४८व्या भागानं. वर्डस्टारमध्ये आजही डॉट सीडब्ल्यू म्हणजे अक्षराची रुंदी १२० च्या हिशोबात आणि डॉट एलएच म्हणजे ओळीची उंची ४८ च्या हिशोबात द्यावी लागते, ते ह्यामुळे. डॉट सीडब्ल्यू १२ म्हणजे इंचाला १० अक्षरं, डॉट एलएच ८ म्हणजे इंचाला ६ ओळी. हे कळेपर्यंत मला ते आकडे कुणीतरी उगाच ठेवल्यासारखे वाटायचे. (ह्या सगळ्या आज्ञा टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या, ओळीच्या अगदी सुरुवातीला टिंब देऊन.)

प्रोग्राम मिळवणं हा भाग सोपा निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉबर्ट सॉयर ह्या कॅनडातल्या लेखकानं वर्डस्टार ७ चं डॉस व्हर्जन, सगळी मॅन्युअल्स स्कॅन करून आणि विंडोजवर चालवायला लागणाऱ्या एम्युलेटरसकट (आजच्या मशीनवर जुन्या डॉस कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम), एकत्र बांधून फुकट ठेवलं. काकांकडची ४ ची डिस्क होतीच, पण ७ मध्ये त्याच फायली उघडतात आणि कंट्रोल-के-डी, कंट्रोल-क्यू-एफ वगैरे सगळं तसंच आहे, त्यामुळे काका एम्युलेटरसमोर बसले आणि काही न विचारता काम सुरू. तीस वर्षांनी. मला कंट्रोल-सी कॉपीला आहे ह्याचं त्यांना अजूनही हसू येतं, कारण त्यांच्याकडे ते पान खाली न्यायला आहे.

एक गोष्ट बघून ठेवा. ह्या फायली नोटपॅडमध्ये उघडल्या तर जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसेल. फाइल खराब झाली म्हणून रडू नका. वर्डस्टार डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवायचं, ओळ जुळवताना त्याला उपयोग व्हावा म्हणून. वर्डस्टारमध्ये उघडलं की सगळं जागेवर. नोटपॅडमधून सेव्ह मात्र करू नका.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रिंटरला हात घातला. आमच्या दुकानात चलनं काढायला एप्सनचा एलक्यू-३१० हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, २४ पिनांचा. डॉट मॅट्रिक्सच का, लेझर का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. एक तर तो घरचा, आणि दुसरं म्हणजे वर्डस्टारला त्या काळातली एप्सनची भाषा येते आणि हा प्रिंटर ती अजून समजतो. घरच्या स्वस्तातल्या लेझरला डॉसकडून आलेलं काहीच कळत नाही, ते सगळं विंडोजच्या ड्रायव्हरच्या भरवशावर. तेव्हा तुमच्याकडे दुकानात, गोडाउनात, सीएच्या ऑफिसात २४ पिनी प्रिंटर असेल तर तोच वापरा. ९ पिनी पण चालेल, अक्षर थोडं खडबडीत येईल, फक्त त्याच्या मॅन्युअलात प्रपोर्शनल आहे का ते आधी बघा, सगळ्यांत नसतं.

डॉसला प्रिंटर हवा असतो एलपीटी१ वर, म्हणजे जुन्या पॅरलल पोर्टवर, आणि लॅपटॉपला आता ते कुठं असतं. मी एक यूएसबी ते पॅरलल केबल मागवली, साडेपाचशे रुपये, यायला आठवडा लागला, आणि तिनं विंडोजमध्ये एलपीटी१ तयार होतच नाही, नुसता एक यूएसबी प्रिंटर दिसतो. परत करायला गेलो तर पाकीट फोडलंय म्हणून घेतली नाही. तर ते साडेपाचशे तुम्ही वाचवा. ह्या प्रिंटरला सरळ यूएसबी आहे, तीच लावायची, विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करायचा, वर्डस्टारमध्ये प्रिंट करताना आउटपुट प्रिंटरऐवजी फाइलमध्ये वळवायचं आणि मग ती फाइल विंडोजच्या काळ्या खिडकीतून कॉपी कमांडनं त्या शेअरच्या नावावर पाठवायची. विंडोज मध्ये नाक खुपसत नाही, बाइट जसेच्या तसे जातात.

पण कॉपीला स्लॅश बी लावायचंच, हे पाठ करून ठेवा. पुतण्यानं कुठूनतरी आणलेल्या बॅच फाइलमध्ये ते नव्हतं. पहिली पानं छान आली, मग एक पान ओळीच्या मध्यात थांबलं, पुढं काहीच नाही. केबल बघितली, रिबन बघितली, प्रिंटर बंद-चालू केला, परत त्याच शब्दावर थांबला. कारण असं की प्रपोर्शनलमध्ये दोन शब्दांमधलं अंतर वर्डस्टार आकड्यात पाठवतं, इतके भाग उजवीकडे सरक म्हणून, आणि तो आकडा नेमका २६ आला की डॉसच्या हिशोबानं २६ म्हणजे कंट्रोल-झेड म्हणजे फाइल संपली. स्लॅश बी दिलं की कॉपी कमांड तिकडं बघत नाही. साध्या फॉन्टात हा प्रकार सहसा होत नाही, म्हणून शोधायला जास्त वेळ गेला.

आता मुख्य काम. प्रिंटरला प्रपोर्शनल हो म्हणून सांगणं अगदी किरकोळ आहे. एस्केप, स्मॉल पी आणि १, झालं. वर्डस्टारमध्ये वापरणाऱ्यानं स्वतः ठरवायच्या चार आज्ञा असतात, त्यातली पहिली फाइलच्या वरती लिहायची, डॉट एक्सक्यू १बी ७० ३१ (तीच तीन चिन्हं हेक्स आकड्यांत), आणि मग हवं तिथं कंट्रोल-पी-क्यू. बंद करायला डॉट एक्सडब्ल्यू १बी ७० ३० आणि कंट्रोल-पी-डब्ल्यू. आधी साधा ड्रायव्हर ठेवून हे करून बघा असं मी मुद्दाम सांगतो, कारण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, फाइल नीट पोचतेय आणि प्रिंटर आज्ञा ऐकतोय. दुसरी, अडचण नक्की कुठं आहे.

आमचं ते पान अजून माझ्याकडे आहे. अक्षरं सुरेख, रोमन, एकमेकांना खेटून, आणि उजवी कड करवतीसारखी. ज्या ओळीत आय, एल, टी जास्त ती ओळ कागदाच्या तीन चतुर्थांशावरच संपलेली, एम आणि डब्ल्यूवाली पार पुढं गेलेली. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे कोणी प्यायलेल्यानं कंपोज केलंय का?" होतं काय की प्रिंटरला अक्षरांच्या रुंद्या माहीत आहेत पण वर्डस्टारला नाहीत, ते बिचारं अजून प्रत्येक अक्षर इंचाच्या दहाव्या भागाचं धरून ओळ भरतंय, उजवी कड जुळवायला पूर्ण पूर्ण स्पेस घालतंय. म्हणजे वर्डस्टारला त्या फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराच्या रुंदीचा तक्ता द्यायला पाहिजे, आणि तो तक्ता ड्रायव्हरमध्ये असतो. वर्डस्टार ४ मध्ये डॉट पीएस ऑन अशी आज्ञा आहे, ती पण तक्ता असेल तरच कामाची.

७ मध्ये त्यासाठी पीआरचेंज नावाचा वेगळा प्रोग्राम आहे, वर्डस्टारमधून बाहेर पडून चालवायचा. त्यात प्रिंटरांची लांबच लांब यादी येते. आमचा ३१० त्यात असणं शक्यच नाही, तो यादीनंतर वीसेक वर्षांनी जन्मला. घाबरायचं नाही, एलक्यू मालिकेतलं जुनं २४ पिनी मॉडेल घ्यायचं, प्रपोर्शनल, लेटर क्वालिटी, टाइपफेस निवडणे ह्या आज्ञा त्या घराण्यात तशाच राहिल्यात. तिथं फॉन्टांची यादी दिसते, प्रपोर्शनलवाले निवडून इन्स्टॉल करायचे. सगळेच घ्यायचा मोह होतो, घेऊ नका, रोमन प्रपोर्शनल, सॅन्स सेरिफ प्रपोर्शनल आणि तक्त्यांसाठी एक कुरियर (टाइपरायटरसारखा, सगळी अक्षरं एकाच रुंदीची) एवढं पुरतं, नाहीतर नंतर निवडताना यादी संपता संपत नाही.

पीआरचेंज एक फाइल बनवतं आणि तिचं एक्स्टेन्शन आहे पीडीएफ. आपलं नेहमीचं पीडीएफ नव्हे, वर्डस्टारच्या भाषेत ते प्रिंटर डिस्क्रिप्शन फाइल. विंडोजमध्ये त्यावर डबल क्लिक केलंत तर रीडर उघडून फाइल डॅमेज आहे म्हणेल. पुतण्यानं ती "करप्ट" म्हणून डिलीट करायची तयारी केलीच होती. त्या फोल्डरमधल्या पीडीएफना हात लावू नका अशी चिठ्ठीच चिकटवली मी लॅपटॉपला.

मग फाइल उघडून अगदी वरती जायचं, कंट्रोल-पी दाबून बरोबरचं चिन्ह, फॉन्टांची यादी येते, रोमन प्रपोर्शनल निवडायचा. मजकुरात कोनी कंसात फॉन्टच्या नावाची खूण उमटते, ती नको असेल तर कंट्रोल-ओ-डी नं लपते. आणि त्यानंतर कंट्रोल-क्यू-यू, म्हणजे इथून शेवटपर्यंत सगळे परिच्छेद परत जुळव. हे केलं नाही तर जुन्या ओळी जुन्याच ठिकाणी तुटतात आणि तुम्ही म्हणाल फॉन्ट बदलून काही फरकच पडला नाही.

कंट्रोल-क्यू-यू केल्यावर स्क्रीनवर जे दिसतं त्यानं काकांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉसचा स्क्रीन सगळी अक्षरं एकाच रुंदीची दाखवतो, त्यामुळे आता तिथं ओळी वेड्यावाकड्या, काही तर उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर. आधी स्क्रीन सरळ आणि कागद वाकडा होता, आता स्क्रीन वाकडा आणि कागद सरळ. स्क्रीन वाकडा झाला म्हणजे तक्ता लागू झाला, हीच खूण समजा. पान कसं दिसेल ते बघायला कंट्रोल-ओ-पी नं प्रिव्ह्यू आहे, तो ग्राफिक्समध्ये चालतो, डॉसबॉक्स-एक्स ह्या एम्युलेटरमध्ये नीट दिसला.

डॉसबॉक्स-एक्समध्ये अजून एक सोय आहे, त्याच्या पोटात एक खोटा एप्सन प्रिंटर आहे, तो कागदाऐवजी चित्राची फाइल काढतो. कागद वाचवायला फार चांगला. फक्त तो आपल्याकडचे ट्रूटाइप फॉन्ट वापरतो, त्यांच्या रुंद्या खऱ्या प्रिंटरमधल्या रोमनशी तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा त्यात उजवी कड थोडी हललेली दिसली तर खऱ्या कागदावर एक पान काढूनच काय तो निर्णय करा.

डिसेंबर बराचसा गेला तो तक्त्यांत. काकांनी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या गावची हकिगत तक्त्यात दिली होती, साल, साहेबांचं नाव, घरभाडं, असे रकाने, आणि सगळे स्पेसबार मारून मारून जुळवलेले. टाइपरायटरवर शिकलेला माणूस दुसरं काय करणार. प्रपोर्शनलमध्ये स्पेसची रुंदी वेगळी, नावांच्या रुंद्या वेगळ्या, मग दुसरा रकाना प्रत्येक ओळीत वेगळ्याच जागी. इथं दोन वाटा आहेत. एक म्हणजे कंट्रोल-क्यू-ए नं शोध-बदल लावून सलग तीन-चार स्पेसच्या जागी टॅब घालायचा (टॅब टाइप करायला कंट्रोल-पी आणि मग कंट्रोल-आय) आणि डॉट टीबी नं टॅबच्या जागा इंचात ठरवायच्या. दुसरी म्हणजे तेवढ्या तक्त्यापुरता फॉन्ट परत कुरियर करून टाकायचा. मी पहिली वाट धरली आणि जिथं तक्ता फारच गुंतागुंतीचा होता तिथं गुपचूप दुसरी. काकांनी स्टेनोच्या नजरेनं ते लगेच पकडलं, पण "चालेल, पुस्तकातही तक्ते वेगळ्या टाइपात असतात" म्हणून सोडून दिलं. आकड्यांचं एक बरं असतं, बहुतेक फॉन्टात सगळे आकडे एकाच रुंदीचे असतात, त्यामुळे सालांचे रकाने फारसे हलले नाहीत.

काकांच्या काही मराठी कविता पण होत्या, त्या ह्यात नाही बसल्या, साध्या वर्डस्टारला देवनागरी येत नाही. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की ह्याच वर्डस्टारमध्ये मराठी टाइप व्हायचं, पण ते कार्ड आता कुठून आणणार. कविता युनिकोडमध्ये टाइप करून वेगळ्या छापल्या.

कागदाचं बघा. आपल्याकडे सलग कागद मिळतो तो बहुतेक १० बाय १२ इंच, आणि वर्डस्टार धरून चालतं अमेरिकन ११ इंच, ६६ ओळी. तसंच छापलं तर दर पानाला मजकूर इंचभर वर सरकत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानापासूनच ओळी पानं फाडायच्या भोकांच्या रेघेवर. फाइलच्या वरती डॉट पीएल ७२ द्या, १२ गुणिले ६. ए४ वर काढणार असाल तर ७०. ओळी फार दाटीच्या वाटल्या म्हणून आम्ही डॉट एलएच ९ केलं, पण तेव्हा पानाची लांबी ओळींत न देता इंचात द्या, आकड्यापुढं दुहेरी अवतरणचिन्ह लावून, म्हणजे परत हिशोब करायला नको. उजवी कड सरळ हवी म्हणून डॉट ओजे ऑन, आणि उरलेली जागा बारीक बारीक वाटली जावी म्हणून डॉट यूजे ऑन. प्रिंटरच्या पॅनेलवर फॉन्ट आणि कंडेन्स्डची बटणं असतात, दुकानात चलनासाठी ती दाबलेली असतात, ती आधी नेहमीच्या जागी आणा.

रिबन नवीन घातली, कंपॅटिबल, दोनशेच्या आत मिळाली. पहिली आणली ती पुसट होती, दुकानदाराशी थोडं वाजलं, बदलून दिली. कागदाचं एक खोकं लागलं. छापणं हळू चालतं, लेटर क्वालिटीत डोकं सावकाश जातं आणि आवाज असा की शेजारचे विचारून गेले कसलं मशीन आणलंय, म्हणून दुपारी दोन ते चार सोडून छापा. आणि पन्नास पानं एकदम लावून निघून जाऊ नका, डोकं तापतं आणि कागद कधी ना कधी तिरका होतोच, दहा-दहा पानांच्या फायली पाठवा.

२५ जानेवारीला एक पूर्ण प्रत निघाली. काकांनी ती लाल पेनानं वाचली, हव्या तेवढ्या चुका काढल्या, स्वतःच वर्डस्टारमध्ये दुरुस्त केल्या, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव तिरप्या टाइपात पाहिजे म्हणाले. त्याला डॉट एचई, आणि तिरप्याची खूण त्याच ओळीत, कंट्रोल-पी-वाय. माथ्याच्या ओळीला फॉन्टची खूण पण वेगळी द्या, म्हणजे तक्त्यासाठी कुरियर चालू असताना पान उलटलं तर माथा कुरियरमध्ये येत नाही. दुसरी प्रत ८ फेब्रुवारीला संपली, बाकीच्या प्रतींची झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंगला प्रत्येकी चाळीस रुपये पडले.